शब्दकोडे : स्पर्शाचे शब्द



गेल्या अंकातील कोडे हाताला काय कळते या एकाच विषयावर होते. कंसात अक्षरसंख्या आहे. उत्तरे अशी :

आडवे शब्द
1. रंधा न मारलेली फळी हाताला कशी लागते? (5) – खरखरीत
2. शेवाळलेला दगड पायाला कसा लागतो? (5) – बुळबुळीत
3. जात्यातून जाडसर निघते ते (3) – भरड

उभे शब्द
4. बारीक सुताचे मऊ कापड कसे असते? (3) – तलम
5. पऱ्हाटीवर असते, कापूस वेचताना याची टोके बोटांना टोचतात (2) – बोंड
6. अमक्याला शिवल्याने माणूस बाटतो, ही खोटी समजूत (3) – विटाळ
7. पाली भाषेत स्पर्श (2) – फस्स

वर्धा जिल्ह्यातील आमच्या भगिनींना पाचवा शब्द शिकवावा लागत नाही. वेचणीच्या दिवसांत तो त्यांच्या बोटांवरच लिहिलेला असतो.

सहाव्या शब्दावरून मात्र आमच्या घरी वाद झाला. पत्नी म्हणाल्या, "मुलांच्या कोड्यात हा शब्द कशाला?" आम्हीही खोडायला निघालो होतो. तोच माय म्हणाली, "राहू दे ना बापा. दुकानदार उरलेले पैसे आमच्या हातावर नव्हता ठेवत, फळीवर टाकत होता. पोराईले माहीत पाह्यजे."

ही 1960 नंतरची गोष्ट. संविधान 26 जानेवारी 1950 रोजी लागू झाले होते, तरी ती फळी तशीच होती. आम्ही शब्द ठेवला.

थोडा विचार करा. विदर्भातील आपले कितीतरी पूर्वज जाडेभरडे कापड विणीत. ते कापड गावाच्या अंगाला चालत असे, विणणारा हात चालत नसे. चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत, माणसाच्या ओंजळीला बंदी होती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला ते पाणी ओंजळीत घेतले. त्या ओंजळीची किंमत तहानेपुरती नव्हती.

आता सातवा शब्द. पटिच्चसमुप्पादात सळायतनामुळे फस्स, फस्सामुळे वेदना आणि वेदनेमुळे तण्हा असा क्रम आहे. इंद्रिय, त्याचा विषय आणि जाणीव ही तीन एकत्र आली की फस्स होतो. चौथी अट नाही. तेथे जात विचारलेली नाही. खरखरीत ते सर्वांना खरखरीत, तलम ते सर्वांना तलम. विटाळ तेवढा कोणत्याच बोटाला लागत नाही. तो मनातला मळ आहे, आणि मन धुता येते.

पालकांना विनंती : या रविवारी मुलांना आजी-आजोबांजवळ बसवा. त्यांचा हात हातात घेऊन त्या फळीची गोष्ट विचारायला सांगा.

पुढील अंकासाठी एकच प्रश्न : अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे कलम कितवे? अक्षरी लिहा (3).

जयभीम !