वेगाची हौस आणि निगेची वही

मनमाडास एका स्नेह्यांच्या घरीं परवां वाद ऐकला. जवळच्या पानेवाडीहून गांवोगांवीं पेट्रोल जातें. तेव्हां 'इंधनाची वाण नाहीं, स्पोर्ट्‌स मोटार घेऊं द्या,' असें पुतण्याचें म्हणणें. एरवीं ती रस्त्यावर चालवावी व वर्षांतून एकदां कोइमतूरच्या शर्यतीच्या मार्गावर न्यावी, हा त्याचा बेत. वडील मंडळी खर्चास व अपघातास भीत होती.

खर्चाचें भय पोकळ नव्हे. सचिन तेंडुलकरांस २००२ सालीं फेरारी भेट मिळाली, तर जकातीवरूनच केवढें वादळ उठलें! परंतु खरी कसोटी निगेची. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषतें. शर्यतींत ब्रेक वारंवार तापले म्हणजे असें तेल उकळतें, त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, पायाखालीं पॅडल पोकळ लागतें आणि गाडी आवरत नाहीं. तेंच तेल ठेवून राहुड घाट उतरणें म्हणजे जिवाशीं खेळ.

आम्हीं पुतण्यास म्हटलें, "ऑइल बदलल्याची, टायर व ब्रेकपॅड पाहिल्याची नोंद ठेव, वेग शर्यतीच्या मार्गावरच सोडून ये, मग काकांजवळ तुझी रदबदली आम्हीं करूं."

सायंकाळीं त्यानें कोरी वही आणली. काकांनीं पहिल्या पानावर स्वहस्तें 'श्री' लिहिलें.