मृत्यू मोजण्याआधी माणसांना विचारा

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकच्या औरंगाबाद रोडवर, मिरची हॉटेलच्या चौकात, यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस मालवाहू वाहनाला धडकून पेटली आणि १२ जणांचा जीव गेला. मुख्यमंत्री येऊन गेले, अतिक्रमणे हटली, गतिरोधक आले, शहरातल्या इतर धोकादायक चौकांच्या सर्वेक्षणाची चक्रे फिरली. हे सगळे अपघाताआधीही करता आले असते, पण आपल्या व्यवस्थेला धोका दिसतो तो मृत्यूनंतरच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे दगावली, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. चौकातल्या टपरीवाल्याला, रिक्षाचालकाला, मुलांना शाळेत सोडणाऱ्या आईला जे रोज दिसते, ते थोडक्यात हुकलेले अपघात या हिशेबात कुठेच येत नाहीत. रस्ता सुरक्षेच्या धोरणात लोकांना स्थान हवे ते याचसाठी. मृत्यू होण्याआधीचा पुरावा फक्त त्यांच्यापाशी आहे.

लोकसहभागाची तरतूद कागदावर नाही असे नव्हे. केंद्राने २०१० मध्ये राष्ट्रीय रस्ता सुरक्षा धोरण मंजूर केले. मोटार वाहन कायद्याखालचे नियम अंतिम करण्याआधी त्यांचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. मात्र मसुदा राजपत्रात इंग्रजी-हिंदीत छापला जातो आणि मुदत संपते. मनमाडचा टँकरचालक किंवा पिंपळगावला द्राक्षे वाहणारा पिकअपवाला तो वाचेल अशी अपेक्षा धरणेच चुकीचे. हरकत पाठवलीच, तर ती का स्वीकारली किंवा का फेटाळली हे त्याला कळेल अशी सोय नाही. ज्या सूचनेला उत्तर देण्याचे बंधन कुणावर नाही, ती मागवण्याला सल्लामसलत म्हणता येत नाही.

न विचारण्याची किंमत नाशिक जिल्ह्याने जानेवारी २०२४ मध्ये मोजली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, बेदरकार वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत ठरलेला चालक पोलिसांना न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. देशभर चालकांनी चाके थांबवली. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकर निघेनासे झाले आणि उत्तर महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. चालकांचे म्हणणे साधे होते: अपघातानंतर थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही. ही भीती खरी आहे, आणि कायद्याच्या मजकुरात तिला थोडी वाटही होती. घटनास्थळ सोडले तरी लवकरात लवकर पोलीस किंवा दंडाधिकाऱ्यांना कळवणाऱ्याला ते कलम लागत नव्हते. पण हे चालकांपर्यंत कुणी नेले नाही आणि कळवायचे कसे, हे ठरवताना त्यांना कुणी विचारले नाही. चर्चेचे आश्वासन संप झाल्यावर मिळाले. १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली, हे उपकलम मात्र बाजूला राहिले. पळून जाणाऱ्याला जरब बसवण्याचा रास्त हेतू असा अधांतरी लटकला, आणि रस्त्यावर सोडून दिलेल्या जखमींच्या पदरात काहीच पडले नाही.

यावर अभियंते म्हणतात की लोकांना विचारले की ते प्रत्येक कोपऱ्यावर गतिरोधक मागतात, आणि राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक नियमांत बसत नाही. तक्रार खरी आहे, पण प्रश्न चुकीचा विचारल्याने ती उद्भवते. लोकांकडून उपाय मागू नयेत. धोका कुठे, कोणत्या वेळी आणि कशामुळे जाणवतो एवढे विचारावे. उपाय अभियंत्याने ठरवावा आणि तो का निवडला हे लेखी सांगावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लोकांनाच सुरक्षा नको असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून तत्कालीन पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी नाशिकमध्ये ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू केली, तेव्हा पंपचालकही नाराज झाले आणि दुचाकीस्वारही. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. तेव्हा हेल्मेट हवे की नको यावर मतदान घेण्याचे कारण नाही. कुणाचा जीव वाचावा हा बहुमताचा विषय होऊ शकत नाही. पण नियम कसा राबवायचा हा विषय नक्कीच लोकांचा आहे. पोलिसांचे काम पंपावरच्या पोराने करावे, ग्राहकाशी त्यानेच हुज्जत घालावी, अशी त्या मोहिमेची रीत होती. त्याला आधी विचारले असते तर कदाचित दुसरी पद्धत सुचली असती. त्याच २०२२ च्या मृतांमध्ये सुमारे १९ टक्के पादचारी होते. संप करून सरकारला चर्चेला बसवण्याची ताकद टँकरचालकांकडे होती, पायी चालणाऱ्यांकडे ती कधीच नसते. म्हणून त्यांना शोधत जाऊन त्यांचे म्हणणे ऐकण्याची जबाबदारी सरकारनेच पार पाडायला हवी. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात ४०० हून अधिक मुले रस्त्यांवर दगावली, तेव्हा पालक रस्त्यावर उतरले आणि पुढे त्या देशाने रस्त्यांची आखणीच बदलली. तिथेही विचारणा आधी झाली नव्हती, पण लोकांचा आग्रह धोरणात उतरला.

सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर परिसरात रस्त्यांची कामे घाईने सुरू आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ सदोष आखणीसाठी ठेकेदार, सल्लागार आणि यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड करू देते. पण आखणीत काय ठरले होते हेच नागरिकाला ठाऊक नसेल, तर दोष दाखवणार कोण? या प्रत्येक रस्त्याचा सुरक्षा तपासणी अहवाल मराठीत, रस्ता वाहतुकीला खुला होण्याआधी, जाहीर करावा. त्यावर आलेल्या प्रत्येक सूचनेला जिल्हा समितीने ठरलेल्या मुदतीत कारणांसह उत्तर द्यावे, आणि समितीच्या बैठकांचे इतिवृत्त लोकांना वाचता यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकारी कार्यालय हे पुढच्या बैठकीपासून सुरू करू शकते.