वजन कोणाचे, तराजू कोणाकडे

१४ डिसेंबर २०२१ रोजी नागपुरात विधान परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाची मतमोजणी झाली. भाजपचे चंद्रशेखर बावनकुळे यांना ३६२ मते, अपक्ष मंगेश देशमुख यांना १८६ मते आणि काँग्रेसच्या पंजावर उभे असलेले रवींद्र भोयर यांना १. एक मत. भोयर काही आठवड्यांपूर्वीच भाजप सोडून काँग्रेसमध्ये आले होते, त्यांना वाजतगाजत उमेदवारी मिळाली होती आणि मतदानाच्या आदल्या दिवशी काँग्रेसने आपला पाठिंबा देशमुखांकडे वळवला. त्याआधी ‘बावनकुळे विरुद्ध भोयर’ अशी आकडेमोड करून छापणाऱ्या प्रत्येकाने बरोबर निकाल सांगितला, पण तो चुकीच्या लढतीचा.

हे मासिक ज्यांच्यासाठी निघते, म्हणजे सर्वेक्षण करणारे, जिल्हा वार्ताहर, निवडणुकीचे आकडे मांडून पोट भरणारे, त्यांना या निकालाची पुन्हा आठवण करून देण्याचे कारण आहे. नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघाच्या विद्यमान आमदाराची मुदत २०२६च्या डिसेंबरात संपते आहे आणि ‘तिकीट कोणाला’ हा खेळ सुरू झाला आहे. धंतोलीपासून देवडिया काँग्रेस भवनापर्यंत प्रत्येकाच्या खिशात तीन नावे आहेत. तर्री-पोह्यांच्या गाडीवर उभे राहिले तर पाच मिळतात.

अशा अंदाजबाजीला इंग्रजीत हँडिकॅपिंग म्हणतात. घोड्यांच्या शर्यतीत हँडिकॅप म्हणजे वजन. सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन द्यायचे, दुबळ्याच्या पाठीवर कमी, म्हणजे शर्यत बरोबरीची होते. अमेरिकी पत्रकारांनी तो शब्द उचलून पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांतल्या उमेदवारांची पारडी तोलण्याला लावला. आपल्याकडे उमेदवाराचे ‘वजन’ वेगळे असते. ते पाठीवर लादत नाहीत, दिल्लीत नेऊन दाखवतात.

त्या अमेरिकी धंद्यालाही २०१४ साली मोठी ठेच लागली होती. रिपब्लिकन पक्षाचे प्रतिनिधीगृहातले नेते एरिक कँटर १० जूनला व्हर्जिनियातल्या स्वतःच्या मतदारसंघातली प्राथमिक लढत हरले. त्यांच्याच सर्वेक्षकाने ते ३४ टक्क्यांनी पुढे असल्याचे सांगितले होते. अर्थशास्त्राचे प्राध्यापक डेव्ह ब्रॅट यांनी त्यांना सुमारे ११ टक्क्यांनी पाडले. नमुन्याचा आकार बरा होता, माणसे चुकीची निवडली होती. जे मतदानाला येतील असे सर्वेक्षकाने धरले होते, त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगळी माणसे त्या दिवशी आली.

त्याच वर्षी आपल्या शेजारी, नागपूरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर, काँग्रेसने तसाच प्रयोग केला होता. राहुल गांधींच्या आग्रहाने देशभरातल्या मोजक्या लोकसभा मतदारसंघांत उमेदवार कार्यकर्त्यांच्या मतदानाने ठरवायचा होता. महाराष्ट्रातून वर्धा आणि लातूर निवडले गेले. सेवाग्रामच्या जिल्ह्यात पक्षांतर्गत लोकशाही, म्हणून वार्ताहरांना मथळा आयताच मिळाला. रिंगणात विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर आणि काँग्रेसच्या दिवंगत नेत्या प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस. सागर मेघे जिंकले.

आता जरा थांबून मतदार कोण होते ते पाहावे. पक्षाचे जिल्हा आणि तालुका पातळीवरचे पदाधिकारी, स्थानिक संस्थांत निवडून आलेले सदस्य, आघाड्यांचे प्रमुख. म्हणजे नावनिशी यादी. अशा लढतीचा अंदाज बांधायला गावोगाव प्रश्नावली घेऊन फिरण्याचे कारण नव्हते. ती यादी मिळवायची आणि प्रत्येक नावापुढे ‘हा कोणाच्या संस्थेत, कोणाच्या बँकेत, कोणामुळे सभापती’ एवढे लिहायचे. शिक्षणसंस्थांचे मोठे जाळे असलेल्या मेघे घराण्यासमोर ती बेरीज कोणत्या बाजूला झुकणार, हे सांगायला सर्वेक्षक लागत नाही. प्रत्यक्ष निवडणुकीत मात्र सागर मेघे भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून दोन लाखांहून अधिक मतांनी पडले, आणि काही आठवड्यांत, जुलैमध्ये, मेघे पितापुत्र भाजपमध्ये गेले. सागर यांचे बंधू समीर मेघे त्याच वर्षी हिंगण्यातून भाजपचे आमदार झाले. काँग्रेसने तो प्रयोग पुन्हा तसा केला नाही. बडोद्याची कथा तर आणखी मजेची: प्राथमिक लढत जिंकलेले नरेंद्र रावत, तिथून नरेंद्र मोदी उभे राहणार म्हटल्यावर बाजूला झाले आणि उमेदवारी मधुसूदन मिस्त्रींकडे गेली. मतदान झाले, निकाल लागला आणि तरी उमेदवार वरूनच आला.

तेव्हा आपल्याकडच्या अंदाजाचा पहिला प्रश्न ‘कोण लोकप्रिय’ हा नाहीच. ‘ठरवणारे किती आणि कोण’ हा आहे. कधी ते साडेपाचशे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य असतात, कधी एका खोलीतले पाच जण, कधी फोनवरचा एकच. त्यातल्या शेवटच्या प्रकाराला टक्केवारी लावणे हा शुद्ध आगाऊपणा आहे, आणि तो आपण सगळेच करतो.

कामठीचे उदाहरण घ्या. २०१९च्या ऑक्टोबरात बावनकुळे राज्याचे ऊर्जामंत्री होते, २००४पासून सलग तिथून निवडून येत होते. तिकीट मिळणार नाही असे म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढले असते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी पत्नी ज्योती यांचे नाव आले आणि मग पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म टेकचंद सावरकरांच्या हाती पडला. सावरकर अकरा हजारांच्या आसपास फरकाने जिंकले. पण विदर्भातल्या ६२ जागांपैकी भाजपच्या जागा ४४ वरून २९ वर आल्या, तेव्हा त्यामागे बावनकुळेंचे कापलेले तिकीट आणि तेली समाजाची नाराजी आहे, असे बोलले गेले. पुढे तेच बावनकुळे प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४ला कामठीतून पुन्हा आमदार. सर्वेक्षणात दिसणारे वजन खोटे नव्हते. तराजू दुसऱ्याच्या हातात होता.

एबी फॉर्मबद्दल एक गोष्ट या व्यवसायातल्या नवख्यांनी पाठ करावी. बी फॉर्ममध्ये अधिकृत उमेदवाराच्या नावाशेजारी पर्यायी उमेदवाराचाही रकाना असतो. अधिकृत उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला की दुसरा त्याच चिन्हावर उभा राहतो. बोलीभाषेत त्याला डमी म्हणतात आणि वार्ताहर त्याचे नाव टिपूनही घेत नाहीत. २०२४च्या मार्चमध्ये रामटेक लोकसभेसाठी काँग्रेसने रश्मी बर्वे यांना उभे केले. छाननीच्या दिवशी, २८ मार्चला, त्यांचे जातवैधता प्रमाणपत्र रद्द झाले आणि अर्ज बाद झाला. पर्यायी उमेदवार होते त्यांचे पती श्यामकुमार. ४ जूनला तेच ७६ हजारांहून अधिक मतांनी खासदार झाले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सप्टेंबरात प्रमाणपत्र रद्द करण्याचा तो आदेशही मोडीत काढला. खासदारकी अर्थात पतीकडेच राहिली. समोर दोन वेळचे खासदार कृपाल तुमाने यांचा पत्ता कापून शिंदे सेनेने काँग्रेसमधून आलेल्या राजू पारवेंना उतरवले होते. जानेवारीत केलेले या मतदारसंघाचे कोणतेही सर्वेक्षण पाहा: अंतिम लढतीतली दोन्ही नावे त्यात शोधावी लागतील.

युती आणि आघाडीने आणखी एक पायरी वाढवली आहे. आधी जागा कोणाला, मग माणूस कोण. २०२४च्या विधानसभेला रामटेकची जागा ठाकरे गटाकडे गेली, तेव्हा काँग्रेसचे राजेंद्र मुळक बंडखोरी करून अपक्ष लढले आणि शिंदे सेनेच्या आशिष जयस्वालांकडून हरले. हे जयस्वाल स्वतः २०१९ला तिथे भाजपच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध अपक्ष उभे राहून निवडून आले होते. विदर्भात ‘अधिकृत’ या शब्दाला फार जपून टक्केवारी लावावी.

म्हणून तिकिटाची शक्यता आणि विजयाची शक्यता हे दोन आकडे वेगळे छापायला हवेत. समजा एखाद्या इच्छुकाला तिकीट मिळण्याची शक्यता ४० टक्के आहे आणि मिळाले तर जिंकण्याची ६०, तर तो आमदार होण्याची शक्यता २४ टक्के ठरते. इच्छुक स्वतःच्या खर्चाने सर्वेक्षण करवतात, त्यातला ६० तेवढा व्हॉट्सअॅपवर फिरवतात आणि आपण तो छापतो. पैसे कोणी दिले हे न सांगता छापतो, ही त्याहून वाईट गोष्ट.

पदवीधर मतदारसंघात तर हे सगळे आणखी सोपे आणि आणखी अवघड आहे. नितीन गडकरी १९८९पासून २०१४पर्यंत तिथून परिषदेवर होते, त्यांच्याआधी गंगाधरराव फडणवीस. भाजपची ती घरची जागा. २०२०ला पक्षाने विद्यमान आमदार अनिल सोले यांना थांबवून महापौर संदीप जोशींना उतरवले आणि काँग्रेसचे अभिजित वंजारी निवडून आले. तिथे पसंतीक्रमाने मते पडतात, सहा जिल्हे पसरलेले आहेत, आणि मतदारयादी प्रत्येक निवडणुकीला कोऱ्या कागदावरून नव्याने बनते. मागच्या वेळचा मतदार नमुना क्रमांक १८ भरला नसेल तर या वेळी मतदार नाही. १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख धरून कोणत्या इच्छुकाच्या माणसांनी किती अर्ज गोळा केले, गडचिरोलीत किती, गोंदियात किती, हे तहसील कार्यालयात जाऊन विचारता येते. खरी प्राथमिक लढत तिथल्या टेबलावर होते.

पुढच्या अंकापासून हे मासिक एक तक्ता सुरू करत आहे. वाचकांनी आपापले अंदाज दोन रकान्यांत पाठवावेत, एक तिकिटाचा आणि एक विजयाचा, सोबत नाव आणि तारीख. निकालानंतर सगळे अंदाज जसेच्या तसे पुन्हा छापले जातील. पर्यायी उमेदवारासाठीही एक रकाना ठेवला आहे.