कॉफी जेली आणि जिलेटिनवाले

"जिलेटिनशिवाय खरी कॉफी जेली होतच नाही" असं छातीठोक सांगणाऱ्यांचा मला आता वैताग आलाय. जपानात जिलेटिनची करतात, कबूल. पण अरे बाबांनो, कांतेन, म्हणजे आपलं चायना ग्रास, तिथे सतराव्या शतकापासून आहे! कॉफी जेली रुळली तैशो काळात (१९१२-२६).

मागच्या महिन्यात एका कॅफेत "व्हेज आहे ना?" असं दोनदा विचारून आईला ही जेली खाऊ घातली. निघताना कळलं, जिलेटिन. जन्मात अंडं न शिवलेली बाई. काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून घरी केली. अर्धा लिटर कडक कोरी कॉफी, ४ ग्रॅम चायना ग्रासची पावडर, बेताची साखर. एक-दोन मिनिटं चांगलं उकळायचं. लोक नुसतं कोमट करतात, ते विरघळत नाही, आणि नाव त्या बिचाऱ्या पावडरीचं खराब! ४० अंशाच्या आसपास बाहेरच गोठतं, फ्रीज फक्त गार करायला. चौकोनी तुकडे, वर क्रीम. तोंडात वितळत नाही, दाताखाली तुटते. मग? म्हणून काय खोटी झाली? (आधीच दूध ओतून पुडिंग करणाऱ्यांशी मी बोलतच नाही.)

आईला कडू लागली. पुढच्या वेळी क्रीम वाढवेन, साखर नाही.