कॅमेरा कुठला घेऊ? आधी माईक घ्या!

"व्हिडिओ कॅमेरा घ्यायचाय, बजेट तीस हजार, कुठला घेऊ?" आम्हा आयटीवाल्यांत हा प्रश्न निघाला की लगेच एक्सेल शीट उघडते. सेन्सर, झूम, मेगापिक्सेल... तीन वीकेंड रिव्ह्यू वाचण्यात जातात. मग कॅमेरा येतो, पुतण्याचा वाढदिवस शूट होतो आणि कॅमेरा कपाटात जातो. माझं स्पष्ट मत आहे की मुळात प्रश्नच चुकीचा आहे. काय शूट करणार हे न ठरवता कॅमेरा निवडणं म्हणजे रिक्वायरमेंट न विचारता सर्व्हर विकत घेणं. क्लायंटला आपण हेच ऐकवतो ना?

आता भिवंडीचंच बघा. जुने धोट्याचे यंत्रमाग भंगारात चाललेत. पण त्यांच्यावर उभा जन्म काढलेले कारागीर अजून आहेत. समजा, त्यांच्या आठवणी तुम्हाला रेकॉर्ड करायच्यात. मग कुठला कॅमेरा लागेल?

पहिली गोष्ट आवाजाची. माग चालू असलेल्या शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. स्वस्त कॅमेऱ्यात आवाजाची पातळी आपोआप ठरते. खडखडाट वाढला की तो सगळंच खाली दाबतो, त्यात म्हाताऱ्याचं बोलणंही जातं. त्यामुळे बाहेरचा माईक लावायची सोय आणि आवाज हाताने कमी-जास्त करता येणं, या दोन गोष्टी नसतील तर तो कॅमेरा फुकट मिळाला तरी घेऊ नका. कॉलर माईक लावा, आणि मुलाखत माग बंद असताना घ्या.

दुसरी उजेडाची. आपली वीज ५० हर्ट्झची. जुन्या ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं तर चित्र लुकलुकत नाही. अमेरिकेतल्या मावसभावाने आणलेला हँडीकॅम बहुधा ३० फ्रेमवाला असतो. शटर बदलता येत नसेल तर मग बसा पट्टे मोजत!

आणि मेगापिक्सेल? फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये साधारण २१ लाख पिक्सेल असतात, फोर-केमध्ये ८३ लाख. खोक्यावरचे ४८ मेगापिक्सेल व्हिडिओच्या काय कामाचे? डिजिटल झूम तर निव्वळ फसवणूक, चित्र कापून मोठं करण्यापलीकडे त्यात काही नाही.

तुम्ही म्हणाल, क्वालिटी नको का? याच मुंबई-आग्रा रस्त्याने पुढे मालेगावला जा. तेही यंत्रमागांचं गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिरने २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, सुमारे पन्नास हजारांत. सायकलची ट्रॉली, बैलगाडीची क्रेन. पुढे त्याच्या 'सुपरमॅन'च्या शूटिंगवर फैजा अहमद खानने २००८ मध्ये डॉक्युमेंटरी केली, आणि रीमा कागतीचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये थिएटरात आला. नासिरच्या सिनेमात सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमाग कामगार होता. तो तरुणपणीच वारला. आज त्याचा चेहरा आणि आवाज शिल्लक आहे, कारण कुणीतरी हाताशी होता त्या कॅमेऱ्याने शूटिंग केलं. फोर-के येईपर्यंत थांबले असते तर?

तात्पर्य, तुमच्या खिशातला फोन नासिरच्या त्या वेळच्या कॅमेऱ्यापेक्षा सरस आहे. तीस हजारांतले पाच-सात हजार माईक आणि ट्रायपॉडवर घाला, थोडे हार्ड डिस्कवर (दोन घ्या, एक बॅकअपला), बाकीचे सध्या बँकेत राहू द्या. फोन कमी पडतोय असं दहा मुलाखतींनंतर वाटलं तर खुशाल कॅमेरा घ्या. तेव्हा कुठला घ्यायचा हे विचारावं लागणार नाही, काय अडतंय ते तुम्हालाच कळलेलं असेल.

नवीन मॉडेल दर वर्षी येतं हो. धोट्याचा माग चालवणारी माणसं मात्र दर वर्षी कमीच होत जाणार. या शनिवारी रिव्ह्यू वाचू नका, भिवंडीला जा.