रोजची दहा पाने

वाचनाचे कौतुक आपल्याकडे बहुतेक वेळा समारंभानेच होते. १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, शाळा-महाविद्यालयांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. दिवाळी आली की अंकांचे संच घरोघरी येतात, गावात ग्रंथप्रदर्शन लागले की माणसे पिशव्या भरून पुस्तके नेतात. हे व्हावेच, त्याने पुस्तकांचा व्यवहार जिवंत राहतो. पण घरी आणलेल्या पुस्तकाने वाचणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न त्यानंतरचा आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही. वाचनाचे जे लाभ आपण भाषणांत मोजून दाखवतो, ते एखाद्या थोर पुस्तकाच्या एका वाचनातून सहसा मिळत नाहीत आणि वर्षातून दोनदा झपाटून वाचल्यानेही मिळत नाहीत. रोज थोडे, पण नेमाने वाचणाऱ्याच्याच पदरात ते पडतात. वाचनाविषयी आजवर जे अभ्यास झाले आहेत, त्यांतले महत्त्वाचे निष्कर्ष मला याच दिशेने जाताना दिसतात.

सुरुवात सर्वांत साध्या लाभापासून, म्हणजे शब्दांपासून करू. अमेरिकेत पाचवीतल्या १५५ मुलांच्या शाळेबाहेरच्या वाचनाची नोंद ठेवून केलेला एक अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाचनात बरीच पुढे असलेली मुले रोज सुमारे २१ मिनिटे पुस्तके वाचत होती, तर यादीच्या मधोमध असलेली मुले साडेचार मिनिटे. फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण वर्षाचा हिशेब केला, तेव्हा पहिल्या मुलांच्या डोळ्यांखालून सुमारे १८ लाख शब्द गेले होते आणि दुसऱ्यांच्या २ लाख ८० हजारांच्या आसपास. दिवसाच्या सोळा-सतरा मिनिटांनी वर्षाअखेर सहापटींहून अधिक अंतर पाडले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासाने इंग्रजीत कमी वापरातले शब्द कुठे भेटतात ते मोजले. पदवीधर प्रौढांच्या मित्रांशी होणाऱ्या गप्पांत असे शब्द हजारामागे सुमारे १७ निघाले, तर लहान मुलांच्या पुस्तकांत जवळपास ३१. म्हणजे चांगल्या शिकलेल्या घरात दिवसभर बोलणे ऐकूनही जी भाषा कानावर पडत नाही, ती मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकात सहज भेटते. मराठीचे नेमके आकडे वेगळे असतील, पण कारण तेच राहील. बोलताना समोरचा माणूस, हातवारे आणि प्रसंग मदतीला असतात, म्हणून थोडक्या शब्दांत भागते. लिहिणाऱ्यापाशी यांतले काहीच नसते, त्याला सगळे शब्दांनीच उभे करावे लागते.

शब्दांपाठोपाठ माहिती येते, आणि माहितीचा गुण असा की ती पुढचे वाचन सोपे करते. १९८८ मध्येच शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका सामन्याचे वर्णन वाचायला देऊन त्यांना ते किती कळले हे तपासले गेले. वाचनात कच्ची, पण खेळ नीट ठाऊक असलेली मुले वाचनात पक्की, पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. समजून वाचण्याचे कौशल्य हवेत तरंगत नाही, ते विषयाच्या माहितीवर उभे राहते. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ १९९१ साली आली. धरणात गाव गेलेल्या माणसांचे पुढे काय होते, त्याची ती कादंबरी. ती वाचलेल्या माणसाला प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनाची चार ओळींची बातमी निराळी दिसते. ‘भूसंपादन’, ‘लाभक्षेत्र’, ‘पर्यायी जमीन’ हे कागदी शब्द त्याच्यापुढे घरे, गोठे आणि देवळे घेऊन उभे राहतात. मोबदला मिळाला, मग तक्रार कसली, असे तो सहजासहजी म्हणणार नाही. आणि हे एका पुस्तकावर थांबत नाही. या कादंबरीनंतर पाणीवाटपावरचा लेख हाती आला तर तो अधिक कळतो, त्यानंतर सहकारावरचा. एकाने दुसऱ्याला आधार द्यायचा, तर मधले अंतर फार पडून चालत नाही. दोन पुस्तकांमध्ये आठ महिने गेले, तर पहिल्यातला बराचसा आधार विरून गेलेला असतो.

तिसरा लाभ म्हणजे दुसऱ्याचे मन कळणे. याविषयी आपण फार घाईने बोलतो, म्हणून इथे जपून पावले टाकावी लागतात. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक गाजलेला प्रयोग छापून आला. दर्जेदार ललित साहित्यातला छोटा उतारा वाचला की समोरच्याच्या भावना ओळखण्याची क्षमता लगेच वाढते, असा त्याचा दावा होता. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. २०१६ पर्यंत इतरांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. वाचनाच्या कैवाऱ्यांना हे अडचणीचे वाटेल. मला ते उपकारक वाटते, कारण याच प्रश्नाची दुसरी बाजूही तपासली गेली आहे. एका बैठकीऐवजी माणसाने आयुष्यभरात किती ललित वाचले, याचा विचार करणाऱ्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी २०१७ मध्ये झाली, आणि तिथे दुसऱ्याचे मन जाणण्याशी वाचनाचा संबंध दिसला. तो लहान आहे, पण आहे. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की एका उताऱ्याची जादू खोटी ठरते आणि वर्षानुवर्षांच्या सहवासाला महत्त्व येते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण शिक्षक, दया पवारांच्या ‘बलुतं’मधला सांगणारा आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तली लग्नानंतर अक्षरे गिरवणारी बाई, ही माणसे एकामागून एक भेटत राहिली, तरच आपल्या जातीबाहेरचे, वर्गाबाहेरचे, काळाबाहेरचे आयुष्य आपल्या अंदाजात शिरते.

चौथा लाभ लक्ष टिकण्याचा. बऱ्याच दिवसांनी कादंबरी उघडणाऱ्या कुणाकडेही पाहावे. दुसऱ्या पानावर डोळे ओळींवरून घसरतात, परिच्छेद संपतो पण काय वाचले ते हाती लागत नाही, तो पुन्हा वाचावा लागतो, आणि तेवढ्यात हात फोनकडे गेलेला असतो. पुष्कळ जण इथेच पुस्तक मिटतात आणि ‘आता वाचन होत नाही’ असा निकाल स्वतःवर लावतात. तो निकाल चुकीचा असतो. गवयाचा रियाज महिनाभर बंद पडला, तर पहिल्या दिवशी आवाज लागत नाही, म्हणून त्याचा गळा गेला असे कुणी म्हणत नाही. वाचनाचेही तसेच आहे. तोच माणूस रोज ठरावीक वेळी बसू लागला की हळूहळू पात्रांची नावे ध्यानात राहू लागतात, कालचा धागा आज लगेच सापडतो, लांब वाक्य एका दमात पार पडते. सलग लक्ष देण्याची ही ताकद मग पुस्तकापुरती राहत नाही. विम्याच्या पॉलिसीतली बारीक अक्षरातली कलमे, गृहकर्जाचा करारनामा, सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त, मुलाच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल, हे सगळे शेवटपर्यंत वाचून प्रश्न विचारू शकणारा माणूस सहसा फसत नाही. रोजच्या वाचनाची याहून व्यवहारी कमाई दुसरी नसेल.

यावर पहिला आक्षेप अभ्यासूंचा असतो. मुळात हुशार आणि सुस्थितीतली माणसेच जास्त वाचतात, मग वाचनाने हे घडले असे कशावरून? आक्षेप रास्त आहे. उदाहरणार्थ, पन्नाशी ओलांडलेल्या ३,६३५ अमेरिकनांचा बारा वर्षे मागोवा घेणाऱ्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुस्तके वाचणारे न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २३ महिने जास्त जगल्याचे दिसले. शिक्षण, मिळकत आणि प्रकृती हिशेबात धरूनही हा फरक उरला, तरी वाचनाने आयुष्य वाढते असे छातीठोकपणे मी म्हणणार नाही. निरीक्षणावरच्या अभ्यासाला ती मर्यादा असतेच. पण शब्द आणि आकलन यांच्या बाबतीत कारणाची साखळी बरीच स्पष्ट आहे. वाचनाचे अभ्यासक कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्येच दाखवले की हे दुहेरी चक्र आहे. ज्याला वाचता येते तो वाचतो, वाचल्याने त्याला अधिक येते, म्हणून तो आणखी वाचतो. न वाचणाऱ्याचे चक्र उलट्या दिशेने फिरते. चक्र असणे हा वाचनाविरुद्धचा पुरावा नाही. उलट, मागे पडलेल्याने त्यात लवकर पाऊल टाकावे याचे ते कारण आहे.

दुसरा आक्षेप रोज ऐकू येतो. आम्ही दिवसभर फोनवर वाचतच असतो की! यात तथ्य आहे, आणि पडद्याला सरसकट दोष देणेही बरोबर नाही. २००० ते २०१७ या काळातल्या ५४ अभ्यासांच्या एकत्रित छाननीत माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला कळतो असे आढळले, पण गोष्टीरूप मजकुरात कागद आणि पडदा असा फरक दिसला नाही. म्हणजे ई-पुस्तकावर कादंबरी वाचणारा काही गमावत नाही. फोनवरच्या वाचनात खरी अडचण तुकड्यांची आहे. मथळा, फॉरवर्ड, दोन ओळींची प्रतिक्रिया, पुन्हा मथळा. यातला कुठलाच तुकडा मागच्याचा आधार घेत नाही आणि पुढच्याला देत नाही. लाखो शब्द डोळ्यांखालून जातात, पण त्यांची साखळी होत नाही.

तिसरा आक्षेप मनाला लागणारा आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी त्यांच्याइतके शहाणपण किती वाचणाऱ्यांकडे आहे? याला प्रतिवाद करायचाच नाही. वाचन हा शहाणपणाचा एकमेव रस्ता कधीच नव्हता. पण बहिणाबाई ज्या जगात वाढल्या, तिथे कीर्तन होते, जात्यावरच्या ओव्या होत्या, कथा आणि कहाण्या होत्या. समृद्ध भाषा रोज, नेमाने कानावर पडत होती. नियमितपणा तिथेही होताच, फक्त तो कानांचा होता. आज आपल्या रोजच्या दिवसातून ते ऐकणे बहुतांशी गेले आहे. ते परत आणता आले, ऑडिओ पुस्तकांतून आणता आले, तर आनंदच आहे. पण काहीच न ऐकता, काहीच न वाचता बहिणाबाईंचा दाखला देणे त्यांच्यावरच अन्याय करणारे आहे.

उरला वेळेचा प्रश्न. वेळ सगळ्यांना सारखा मिळत नाही, हे आधी कबूल करायला हवे. लोकलमध्ये उभ्याने दीड तास जाणाऱ्याला आणि नोकरी करून दोन वेळचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या बाईला ‘वेळ काढा’ असा उपदेश करणे सोपे आहे. तिच्या हातात पुस्तक दिसले की ‘रिकामी बसलीस का?’ असे विचारणारी घरे आजही आहेत. तिथे सवय तिला लावायची नसून घराने लावून घ्यायची आहे. तिची वीस मिनिटे बाकीच्यांनी राखायची. कारण लागतात ती वीस मिनिटेच. तेवढ्यात दहा पाने होतात असे धरले, तर वर्षाला ३,६५० पाने होतात, म्हणजे दोनशे-अडीचशे पानांची पंधरा ते अठरा पुस्तके. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या रोज पंचवीसप्रमाणे वाचल्या, तर वर्षाच्या आत अठरावा अध्याय पुरा होतो. सप्ताहाच्या पारायणाइतकेच महत्त्व नित्यपाठाला देणाऱ्या वारकऱ्यांना हे गणित शिकवायची गरज नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ तर रात्रींमध्येच विभागलेली आहे. रोज एक रात्र वाचली की सहा आठवड्यांत ती पुरी होते, आणि मुलांना वाचून दाखवायलाही तेवढाच मजकूर पुरतो.

सवय कशी जडते, यावरही अभ्यास झाले आहेत. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. त्यातल्या दोन गोष्टी वाचणाऱ्याच्या कामाच्या आहेत. नवी कृती ठरलेल्या जुन्या कृतीला जोडायची, म्हणजे सकाळच्या चहानंतर किंवा रात्रीची भांडी आवरल्यावर. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. आपल्या जुन्या वाचनालयांनी तर यासाठी बाहेरचा धाकही ठेवला होता. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. वाचनालयाच्या पुस्तकात चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहावी. ‘परत करण्याची तारीख’ या शीर्षकाखाली एकाखाली एक निळे-जांभळे शिक्के असतात. विकत घेतलेले पुस्तक कपाटात दहा वर्षे थांबू शकते, वाचनालयाचे थांबत नाही, आणि ते परत करायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने येत नाही. माफक वर्गणीत नियमितपणा विकत मिळण्याची ही सोय महाराष्ट्रात गावोगावी आहे. ती वापरली जात नाही, हे आपलेच नुकसान.

म्हणून वाचायचे ठरवणाऱ्याने ‘काय वाचू?’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. पहिला प्रश्न ‘केव्हा वाचू?’ हा आहे. वेळ पक्की असली की पुस्तक चुकले तरी बिघडत नाही. ते बाजूला ठेवून उद्या त्याच वेळी दुसरे उघडता येते, आणि पाच-सहा पुस्तकांत स्वतःची आवड स्वतःला सापडते. वेळच नसेल, तर थोरातले थोर पुस्तकही पहिल्या प्रकरणात खूण घालून पडून राहील. पहिले दोन महिने फळ दिसणार नाही, हे मनाशी धरूनच बसावे. नंतर जे मिळते ते मात्र कायमचे आपले असते. सांगायला शब्द असतात, बातमीमागचा माणूस दिसतो, लांब कागद शेवटपर्यंत वाचण्याचा धीर असतो. या कमाईसाठी दिवसाची वीस मिनिटे ही किंमत फारच थोडी आहे.