चारशे कोटींचा उजेड आणि पंच्याहत्तर रुपयांचं तिकीट

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये कुणाला तर्क लढवायला नकोत. मी 'ब्रह्मास्त्र' बघितला. पैसे देऊन बघितला. पूर्ण बघितला, पावणेतीन तास. मला तो आवडला नाही. आणि तरीही, तो न बघताच बुडवायचा विडा ज्यांनी उचलला होता त्यांच्या बाजूला मी नाही. या दोन्ही गोष्टी एकच माणूस एकाच वेळी म्हणू शकतो, हे हल्ली समजावून सांगावं लागतं. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

९ सप्टेंबरला हा पिक्चर लागला. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दोन वर्षं कोरोनामुळे मिरवणूक नव्हती, त्यामुळे २०२२ मध्ये अख्खा गाव रस्त्यावर. मीही सकाळपासून विसर्जनाच्या बातमीत. मध्यरात्री शेवटचा गणपती घाटावर गेला, मी चहाच्या टपरीवर टेकलो आणि फोन उघडला. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निकाल येऊन पडले होते. एका ग्रुपवर 'थिएटरं रिकामी, हिंदूंनी दणका दिला'. दुसऱ्या ग्रुपवर 'सगळे रेकॉर्ड तुटले, बॉयकॉट गँगच्या कानाखाली'. पहिला मेसेज टाकणारा आमच्या गावातला कार्यकर्ता दिवसभर माझ्यासमोर ढोलपथकात होता. दुसरा टाकणारा गुरुजी माणूस, तो मंडळाच्या स्टेजवर. पिक्चर दोघांनीही बघितला नव्हता. पण निकाल लागला होता.

मी थांबलो. २३ तारखेला राष्ट्रीय सिनेमा दिन झाला, ७५ रुपयांत तिकीट. आधी तो १६ तारखेला होता, मग आठवड्याने पुढे ढकलला. आमच्या गावातलं थिएटर कधीच बंद पडलंय, तिथे आता खताचं गोडाऊन आहे. त्यामुळे सौ. आणि चिरंजीव यांना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो, चाळीस किलोमीटर. एरवी तिथे एका माणसाचे सव्वादोनशे घेतात. त्या दिवशी तिघांचे मिळून सव्वादोनशे. थिएटर गच्च. माझ्या मागच्या रांगेत एक आजी नातवंडांना घेऊन आल्या होत्या, आजूबाजूला कॉलेजची पोरं, दोन-तीन जण तर थेट मार्केट यार्डातून आल्यासारखे. लोकांना थिएटर नकोसं झालंय असं जे अधूनमधून छापून येतं, ते लिहिणाऱ्याला त्या दिवशी तिथे उभं करायला पाहिजे होतं. लोकांना थिएटर हवंय हो. सव्वादोनशेचं तिकीट आणि तिकिटाइतक्याच किमतीचे पॉपकॉर्न नकोत.

आता पिक्चर.

पहिली वीस मिनिटं मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. सुरुवातीला अमिताभच्या आवाजात अस्त्रांची कथा येते. हिमालयात तप करणारे ऋषी, त्यांना मिळालेली अस्त्रं, ती पिढ्यान् पिढ्या गुपचूप सांभाळणारी माणसं. मग शाहरुख येतो, शास्त्रज्ञ मोहन भार्गव. ('स्वदेस'मधल्या नायकाचं हेच नाव होतं, ज्यांना आठवलं ते हसले.) त्याच्याकडे वानरास्त्र. माकडासारख्या उड्या मारतो, मार खातो, मार खाताखाता चेष्टा करतो, आणि गुपित फुटू नये म्हणून शेवटी स्वतःला वरून झोकून देतो. थिएटरमध्ये शिट्ट्या. मौनी रॉयची जुनून बघून माझा मुलगा माझा दंड धरून बसला. मला वाटलं, जमलं की राव! लहानपणी कीर्तनात ऐकलेली, कॉमिकमध्ये वाचलेली अस्त्रं पडद्यावर एवढ्या ताकदीनं कधी बघितलीच नव्हती. हे काम करणाऱ्या डीएनईजी कंपनीला २०२२ च्या मार्चमध्ये 'ड्यून'साठी ऑस्कर मिळालंय, आणि तिच्या मुंबई-चेन्नईच्या ऑफिसांत आपलीच पोरं रात्री जागवतात. या बाबतीत आपण आता कुणाच्या मागे नाही. एवढं कबूल करायला जीभ जड व्हायचं कारण नाही.

आणि मग रणबीर आणि आलिया बोलायला लागतात.

तिथून पिक्चर जो खाली बसतो, तो मधूनमधून उठतो आणि परत बसतो. शिवा नावाचा अनाथ डीजे. ईशा नावाची श्रीमंत घरची मुलगी. ओळख होऊन धड दोन दिवस नाहीत तोवर ती त्याच्याबरोबर वाराणसीला निघते, जिथे माणसं मारणारी टोळी फिरतेय. का? प्रेम. कधी झालं? माहीत नाही. आम्ही समोरच बसलो होतो, आम्हाला दिसलं नाही. पुढे ती 'शिवा, शिवा' एवढ्या वेळा म्हणते की माझ्या शेजारच्या पोरानं मोजायला सुरुवात केली होती. तो चाळीसला कंटाळला. त्यात जे घडतंय ते प्रत्येक पात्र तोंडानं सांगतंही. आग लागली की आग लागली असं सांगायचं. उजेड दिसला की उजेडाबद्दल प्रवचन. गुरूच्या भूमिकेत अमिताभ, त्याच्यापुढे मोठी शाळा, तिथे अस्त्र शिकणारी तरुण पोरं, पण त्यातल्या एकाचंही नाव बाहेर येईपर्यंत माझ्या लक्षात राहिलं नाही. नागार्जुनाच्या अंगात हजार नंदींचं बळ संचारतं तो प्रसंग झकास, आणि त्याला लवकर संपवून टाकलाय.

मला राग याचा येतो की हे न जमणाऱ्या माणसाचं काम नाही. अयान मुखर्जीने २००९ मध्ये 'वेक अप सिड' केला होता. आळशी पोरगा आणि त्याच्यापेक्षा मोठी, लिहिणारी मुलगी. एकही स्फोट नाही, पण ती दोघं कधी जवळ आली ते आपल्याला त्यांच्याआधी कळत होतं. मग २०१३ मध्ये 'ये जवानी है दीवानी'. दोन माणसांमधलं बोलणं हीच ज्याची हातोटी, त्याच्याच पिक्चरमध्ये दोन माणसं बोलायला लागली की लोक फोन उघडतात! याच गोष्टीसाठी त्याने जवळपास दहा वर्षं घालवली. २०१९ मध्ये कुंभमेळ्यात ड्रोन उडवून पिक्चरचं नाव आकाशात दाखवलं. बजेट ४०० कोटींच्या घरात असल्याचं छापून आलं. त्यातला लिखाणावर किती गेला असेल? आकडा मला कुणी देणार नाही, पण पडद्यावर जे दिसलं त्यावरून अंदाज बांधायला काही हरकत नसावी.

आपल्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. 'रा.वन' आठवतोय? २०११ ची दिवाळी, शाहरुख, तेव्हाचा सगळ्यात महागड्या हिंदी पिक्चरांपैकी एक. स्पेशल इफेक्ट्सला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोष्ट कुणाला सांगता येतेय का बघा. त्याचा दिग्दर्शक अनुभव सिन्हाने पुढे 'मुल्क' आणि 'आर्टिकल १५' केले, म्हणजे त्यालाही लिहिता-करता येत होतंच. पण आपल्याकडे सुपरहिरो आला की सगळा जीव कॉम्प्युटरवर, आणि संवाद जणू जेवणाच्या सुट्टीत लिहायचे.

हे सगळं त्या रात्रीच बोलायला हवं होतं. बोलता आलं नाही. कारण तोवर हा पिक्चर पिक्चर उरलाच नव्हता.

बॉयकॉटवाल्यांची कारणं बघा. एक, रणबीरचा २०११ मधला जुना व्हिडिओ, त्यात तो बीफ खाण्याबद्दल बोलतो. अकरा वर्षांनी उकरून काढला. दोन, ट्रेलरमध्ये तो बूट घालून देवळातली घंटा वाजवतो म्हणे. दिग्दर्शकाने खुलासा केला की ते देऊळ नाही, दुर्गापूजेचा मंडप आहे. आपल्या गावच्या गणपतीच्या मांडवात आपण चपला काढतो ते मूर्तीपुढे, गेटवर नाही, हे मांडवात वाढलेल्या माणसाला कळायला पाहिजे. तीन, उज्जैन. ६ सप्टेंबरला रणबीर-आलिया महाकालाच्या दर्शनाला गेले, बाहेर घोषणाबाजी झाली, दोघं दर्शन न घेता परतले. शंकराच्या नावाच्या नायकाचा पिक्चर, अस्त्रांचा पिक्चर, आणि त्याच्या नायक-नायिकेला, त्यातही गरोदर बाईला, शंकराच्या दारातून परत पाठवायचं. यात धर्म कुठे राखला गेला ते मला कुणीतरी शांतपणे सांगा.

आणि हे काही फक्त उत्तरेकडचं खूळ नाही. 'वेक अप सिड'च्याच वेळी 'बॉम्बे' या शब्दावरून आपल्याकडे खेळ बंद पाडले गेले होते आणि करण जोहरला राज ठाकरेंच्या घरी जाऊन माफी मागावी लागली होती. तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

दुसरी बाजूही काही धुतल्या तांदळासारखी नाही. निर्मात्यांनी पहिल्या तीन दिवसांचा जगभरातला आकडा दिला, २२५ कोटी. तो ग्रॉस. ग्रॉस म्हणजे प्रेक्षकाने खिडकीवर दिलेला सगळा पैसा. त्यातून आधी जीएसटी जातो, २०२२ मध्ये तो शंभरापर्यंतच्या तिकिटाला १२ टक्के होता, त्यावर १८. उरलेल्यात थिएटरवाल्याचा वाटा, मोटा हिशेब निम्मा धरा. मग वितरक, मग निर्माता. पण पोस्टरवर २२५ ठोकलं की विषय संपला, पिक्चर चांगला. जणू गल्ला हीच समीक्षा. उद्या कुणी म्हणेल, ज्या वडापावच्या गाडीवर जास्त गर्दी त्याची चव विचारूच नका.

यात आमचा, पत्रकारांचा, हात किती? भरपूर. पुरवणीत जे 'परीक्षण' म्हणून छापतात त्यातलं निम्मं प्रेसनोट असते, हे मी वीस वर्षं या धंद्यात राहून सांगतोय. उरलेलं निम्मं ट्विटरवर काय चाललंय त्याची बातमी. मीच ११ तारखेला एका पोर्टलसाठी 'ब्रह्मास्त्रवरून सोशल मीडियावर रणकंदन' अशी साडेतीनशे शब्दांची बातमी दिली, पिक्चर न बघता. तिला माझ्या त्या महिन्यातले सगळ्यात जास्त क्लिक मिळाले. विसर्जनाच्या बातमीला, जिच्यासाठी मी अठरा तास उभा होतो, त्याच्या दहावा हिस्साही नाही.

अजून एक गोष्ट, जी या भांडणात कुणीच विचारली नाही. पिक्चर पाच भाषांत आला. हिंदी, तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळम. दक्षिणेत तो पोहोचवायला राजामौलींना पुढे केलं. मराठी नाही. कारण काय, तर मराठी माणूस हिंदी बघतोच, त्याची भीती नाही. माझ्या मागच्या त्या आजी निम्म्या वेळ नातवाला विचारत होत्या, 'काय म्हणला रे त्यो?' तेलुगूवाल्यांनी आपल्या भाषेत पिक्चर बघायची सवय सोडली नाही, म्हणून त्यांच्या दारात जावं लागतं. आपण घरातलंच माणूस, आपल्याला कशाला आमंत्रण! मराठी बाण्याच्या पोस्टी टाकणारे आमचे मित्र यावर गप्प आहेत, त्यांना रणबीरच्या बुटांतून सवड नाही.

परत येताना गाडीत मुलाला विचारलं, आवडला का? तो म्हणाला, "पप्पा, वानरास्त्र एक नंबर. पण ते दोघं सारखे एकमेकांकडे बघत का बसतात? व्हिलन येतोय ना!" सौ. मागून म्हणाल्या, "त्या पोरीला चांगलं काम देतच नाहीत हो, नुसतं ओरडायला ठेवलीय." एवढं नेमकं परीक्षण मला कुठल्या पुरवणीत सापडलं नाही.

दुसरा भाग येणार आहे, 'देव'. शिवाच्या आईबापाची गोष्ट, आणि जी झलक दाखवलीय त्यावरून तीच खरी गोष्ट असावी असं वाटतं. मी जाणार. इफेक्ट्सवाल्या पोरांसाठी जाणार. फक्त यावेळी पहिल्याच दिवशी जाणार, ग्रुप उघडायच्या आत. आणि ज्यांना हा भाग तेव्हा अजून बघायचा होता त्यांच्यासाठी, २०२२ च्या नवरात्रात २९ तारखेपर्यंत शंभर रुपयांत तिकीट होतं. मुलगा परत चला म्हणून मागे लागलाय. शाहरुखचा भाग संपला की बाहेर यायचं, या अटीवर मी तयार झालोय, पण तो ऐकणार नाही.